सर्व माहिती मिळाल्यानंतर

कचेऱ्यांच्या कागदांतून जी सुभाषिते आढळतात, त्यांत ‘सर्व माहिती मिळाल्यानंतर योग्य तो निर्णय घेण्यात येईल’ या सुभाषिताला तोड नाही. वाचताना कसे भारदस्त वाटते! माहिती नसताना निर्णय घेणारा उतावळा, हे कोण नाकारील? गोम एवढीच आहे, की सर्व माहिती कधीच मिळत नाही. आपण मुलीचे लग्न ठरवतो. मुलाचा पगार विचारतो, घर पाहून येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आडून चौकशी करतो, हौस असेल तर पत्रिकाही जुळवतो. एवढे करून जावई जमदग्नी निघणार की गोगलगाय, हे लग्नानंतरच कळते. आधी ते कोणालाच ठाऊक नसते, खुद्द जावयालासुद्धा नसते! मोठ्या गोष्टींची माहिती ही अशीच असते. आधी पाऊल पडते, मग ती जन्माला येते.

एकट्या माणसाचे त्यातल्या त्यात बरे. त्याचे डोळे, कान आणि डोके एकाच धडावर असतात. चार माणसे एकत्र येऊन संस्था काढतात, तेव्हा मात्र डोळे तळमजल्यावर राहतात, कान जिन्यात अडकतात आणि डोके तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली जाऊन बसते. मी ज्या कचेरीत नोकरी केली, तिथे जुनी दप्तरे ठेवण्याची एक खोली होती. ती पावसाळ्यात नेमकी कोठे गळते, हे आमच्या शिपायाला बोट ठेवून दाखवता येई. तो एप्रिलमध्ये सांगे. हेडक्लार्क त्यावर टिपण लिही. टिपण वर जाई आणि ‘गळतीचे नेमके स्वरूप कळवावे’ असा शेरा घेऊन खाली येई. तोवर जुलै उजाडलेला असे आणि गळतीचे नेमके स्वरूप दप्तरांना कळून चुकलेले असे. तिथे कोणी आळशी नव्हता, लबाड तर नव्हताच नव्हता. पण ज्याला ठाऊक होते त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला ठाऊक नव्हते.

मग अशी माणसांची मोठी मोट, पुढचे काहीच धड दिसत नसताना, एखादे अवघड काम तडीस नेते तरी कशी? मी वसईचा रहिवासी असल्यामुळे या प्रश्नाचे एक भले थोरले दगडी पुस्तक माझ्या दाराशीच आहे. तो म्हणजे आमचा किल्ला. रविवारी तिथे हौशी मंडळी येतात, पडक्या चर्चच्या कमानीखाली उभी राहून फोटो काढतात. त्यांच्यातला एखादा वडीलधारा मुलांना ती प्रसिद्ध गोष्ट हमखास सांगतो. किल्ला काही केल्या पडेना, तेव्हा चिमाजीआप्पा सरदारांना म्हणाले, ‘किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन उडवा, म्हणजे ते तरी आत जाऊन पडेल!’ हे ऐकून मराठे चवताळले आणि किल्ला पडला. पोरे डोळे विस्फारून ऐकतात.

ही आख्यायिका मलाही आवडते. पण तिच्यात एक खोट आहे. जणू किल्ला पडायचाच होता, फक्त ते एक वाक्य उच्चारले जायचे राहिले होते, असे ती ऐकून वाटते. आपल्याला शेवट ठाऊक असतो. त्यांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्या अंगावरचा तो अंधार गोष्टीतून पार पुसला जातो. तो पाहायचा तर त्या वेळची पत्रे वाचली पाहिजेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या सुमारास पेशवे दप्तरातले निवडक कागद छापायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत पंचेचाळीस खंड काढले. त्यांतला एक खंड वसईच्या मोहिमेचा आहे. ही पत्रे वाचताना अंगावर काटा येतो तो शौर्याने नव्हे. लिहिणाऱ्याला उद्याचे काहीही ठाऊक नाही, या जाणिवेने येतो.

आता गंमत पाहा. त्या लढाईत ज्यांच्याजवळ व्यवस्थित माहिती होती, ते हरले. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली पोर्तुगीजांना वसई मिळाली. तेव्हापासून दोनशे वर्षे हा मुलूख त्यांच्या हातात. प्रत्येक गाव, प्रत्येक बंदर त्यांच्या वहीत. इतकेच नव्हे, तर १७२८ साली त्यांनी उत्तरेकडच्या आपल्या ठाण्यांची रीतसर पाहणी करवली होती. कोठे तट ढासळला आहे, कोठे तोफा निकामी आहेत, कोठे शिबंदी अपुरी आहे, हे त्या अहवालात नमूद झाले. नऊ वर्षे हाताशी होती! पण प्रश्न वसईचा असला तरी निकाल गोव्याचा, आणि गोव्याच्याही वर समुद्रापलीकडे लिस्बन. १७३७ साली मराठे चालून आले, तेव्हा साष्टीच्या रक्षणासाठी बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला अर्धवटच होता. अहवाल बिनचूक असूनही कपाटात राहतो, तेव्हा त्याचा उपयोग शत्रूलाच व्हायचा.

उलट पुण्याच्या दरबाराला या मुलखाची माहिती ती किती असणार? घाटावरचे घोडेस्वार ते. दलदल, खाडी, भरती-ओहोटी हा त्यांचा विषयच नव्हे. पण त्यांच्याकडे एक गोष्ट घडली. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षे पेशव्यांच्या दाराशी खेटे घालत होते. धर्माचा जाच होता, वतनाचे दुःख होते, आणि खाडी कोठे उतरता येते, कोठला पहारा ढिला असतो, कोण कोणाला फितूर होईल, हे सारे त्यांना ठाऊक होते. ही माणसे काही सरदार नव्हती. दरबारात त्यांना मागे उभे राहावे लागले असेल. पण अखेर त्यांचे ऐकले गेले. ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला अधिकार आहे, त्यांची गाठ पडली. माझ्या मते वसईची मोहीम तिथे सुरू झाली. पुढे १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडी ठाणे हाती आले, ते तिचे पहिले फळ.

ठाणे मिळाले, अर्नाळा मिळाला. पण वसई काही मिळेना. शिड्या लावून तट चढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. इथे दोन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडून तीच शिडी पुन्हा लावायची. पुष्कळ संस्था हीच वाट धरतात; फक्त शिडीला नवा रंग देतात. दुसरी वाट अवघड. फसलेल्या हल्ल्याने आपल्याला काय शिकवले, ते विचारायचे. मराठ्यांना जे कळले ते असे, की या किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. पायाखाली भरवशाची जमीन आहे ती एका उत्तरेच्या बाजूला, आणि नेमका तिथेच तट भक्कम. शिवाय पाण्याची वाट उघडी असेपर्यंत आतल्यांची उपासमार होणार नाही. तेव्हा वसईला हात लावण्याआधी वसईचे हातपाय बांधले पाहिजेत. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर अशी ठाणी एकामागून एक घेतली गेली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे वेसावे आणि धारावीही हाती आली. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव नरगुंदकर गोव्याच्या मुलखात शिरले, म्हणजे तिकडून वसईला मदत निघू नये. दोन वर्षांपूर्वी हा आराखडा पुण्यात कोणी आखून ठेवलेला नव्हता. तो चुकतमाकत, माणसे गमावून तयार झाला.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा आवळला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे मोठे सरदार येऊन मिळाले. आता त्या छावणीत बसलेल्या चिमाजीआप्पांच्या जागी क्षणभर आपण बसू. आत दारूगोळा किती उरला आहे? नक्की सांगता येत नाही. मुंबईचे इंग्रज उघडपणे पोर्तुगीजांच्या मदतीला येतील काय? येतीलही. पाऊस कधी लागेल? जूनच्या आरंभी, किंवा मेच्या अखेरीलाच. आणि एकदा आमच्या वसईचा पाऊस लागला, की मोर्चे पाण्याखाली, दारू भिजलेली आणि दोन वर्षांची मेहनत चिखलात! हे कमी होते म्हणून की काय, उत्तरेकडून अक्रीत बातम्या येऊ लागल्या. इराणचा नादिरशहा हिंदुस्थानात उतरला. फेब्रुवारीत कर्नालला त्याने मोगल बादशहाचा पराभव केला आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल उडवली. तो दक्षिणेकडे वळणार की काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. थोरले बंधू बाजीराव बऱ्हाणपुराकडे होते आणि त्यांना वसईत गुंतलेली फौज हवी होती. दिल्लीची बातमी कोकणात पोचायला दिवसामागून दिवस जात. म्हणजे हाती आलेले पत्र वाचायचे ते असे समजून, की हे आता शिळे झाले आहे.

इथे ‘सर्व माहिती मिळाल्यानंतर’ म्हणणारा गृहस्थ काय करता? फौज उठवता, किंवा पावसाची वाट पाहता. चिमाजीआप्पांनी वेढा उठवला नाही. हा हट्ट होता का? मला तसे वाटत नाही. नादिरशहा काय करील हे कळण्याचा मार्ग त्यांच्या हाती नव्हता. तटाच्या पायथ्याशी सुरुंग कसा बसतो, हे कळण्याचा होता. जे कळण्याजोगे नाही त्याची काळजी देवावर सोपवावी आणि जे करून पाहिल्याने कळेल ते करून पाहावे. देवावर सोपवण्याचे कामही त्यांनी केले. वसई मिळाली तर देऊळ बांधीन असा नवस त्यांनी वज्रेश्वरीला केला होता असे सांगतात. नवस बोलून माणूस स्वस्थ बसला तर तो दैववादी. नवस बोलून खणायला लागला तर त्याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

सुरुंगाचे काम मोठे जिकिरीचे. समुद्रकाठच्या जमिनीत, डोक्यावर शत्रूच्या तोफा असताना, चोरपावलांनी बीळ खणत जायचे. किती खोल, किती पुढे, किती दारू, वात किती लांब, हे अंदाजाने ठरवायचे. मे महिन्यात उत्तरेच्या बुरुजांखालचे सुरुंग उडवले. भगदाड पडले, माणसे हर हर महादेव म्हणत धावली. आणि मागे राहिलेला एक सुरुंग तेव्हा उडाला. दगडांखाली आपलीच माणसे गेली. आतून पोर्तुगीज जिवावर उदार होऊन लढत होते. पण हल्ला थांबला नाही. पुन्हा सुरुंग, पुन्हा चढाई. होळकरांची माणसे सेबास्तियनच्या बुरुजावर पाय रोवून राहिली, आणि अखेर किल्ल्यावर तहाचे निशाण चढले. मेलेले आणि जखमी हजारोंच्या घरात गेले होते.

या प्रसंगाविषयी चिमाजीआप्पांनी लिहिले आहे. त्यात मला सर्वांत मोठी वाटते ती एकच गोष्ट. त्यांनी काही झाकले नाही. सुरुंग वेळेवर उडाला नाही हेही येते, माणसे किती पडली हेही येते, आणि शत्रू शर्थीने लढला हेही मोकळ्या मनाने येते. विजयी सेनापतीच्या पत्रात एवढे खरे क्वचित सापडेल. आमच्या कचेरीत वाईट बातमी वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी साखर पडे. खाली ‘छत कोसळण्याच्या बेतात’ असलेली गोष्ट वर जाईपर्यंत ‘किरकोळ दुरुस्ती’ होई. ज्या संस्थेत वाईट बातमी जशीच्या तशी वर जाऊ शकते, ती संस्था अंधारातही चार पावले टाकू शकते. जिथे ती गोड होऊन जाते, तिथे भर दिवसा ठेच लागते.

तहही शहाणपणाचा झाला. आतल्या शिबंदीला शस्त्रांनिशी, बायकामुलांसह, मानाने बाहेर जाऊ दिले. जे ख्रिस्ती लोक मागे राहिले, त्यांच्या वाड्या आणि देवळे आज आमच्या शेजारी आहेत. दिवाळीचा फराळ तिकडे जातो, नाताळची ताटे इकडे येतात.

इथेच थांबलो तर लेख गोड होईल. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या वर्षी आणखी एक संस्था शिकत होती. वसईची आग मुंबईच्या इंग्रजांना स्पष्ट दिसत होती. पोर्तुगीजांनी चर्चमधली चांदी गहाण ठेवली तेव्हा त्यांनी थोडे पैसे दिले, पण लढाईत उडी घेतली नाही. वसई पडताच मात्र ते घाबरले, आणि घाबरून त्यांनी दोन माणसे दोन दिशांना पाठवली. कॅप्टन इंचबर्ड चिमाजीआप्पांकडे गेला आणि जुलै १७३९ मध्ये तह करून आला. कॅप्टन गॉर्डन साताऱ्याला शाहू छत्रपतींकडे गेला. पत्रे आणि नजराणे पोचवणे हे त्याचे वरचे काम. दरबारात कोणाचे चालते, पेशव्यांवर कोण जळते, हे पाहून येणे हे आतले काम. त्याने पाहिले, टिपून ठेवले, आणि ते कंपनीच्या दप्तरात जमा झाले. पुढे गॉर्डन गेला, इंचबर्ड गेला, दप्तर राहिले. पुढच्या गव्हर्नरने ते उघडून वाचले असेल, तर त्याला गॉर्डनच्याच डोळ्यांनी सातारा दिसला असेल.

आमच्याकडे काय झाले? एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात चिमाजीआप्पाही गेले. वसईत हजारो माणसांच्या रक्ताने जे शहाणपण मिळाले होते, ते बहुतेक त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या डोक्यांत होते. पत्रे रुमालांत बांधली गेली. ती उघडून ‘फिरंगी किल्ला कसा घ्यावा’ याचा धडा पुढच्या पिढीला कोणी लिहून दिला नाही. जंजिरा शेवटपर्यंत पडला नाही. आणि नियतीचा विनोद असा, की ३१ डिसेंबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांकडून पुण्यात हार खाऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची फौज पदरात घेण्याच्या तहावर सही केली, ती याच वसईत! घाबरून टिपणे काढणाऱ्या संस्थेने त्रेसष्ट वर्षांत केवढा पल्ला गाठला, पाहा.

एकट्या टिपणांनी राज्ये मिळत नाहीत, हे मलाही कळते. जहाजे, तोफा, पैसा ही कारणे आहेतच. पण माणसाबरोबर मरणारे ज्ञान आणि माणसामागे उरणारे ज्ञान यांत फरक आहे, आणि तो दोन-तीन पिढ्यांनंतर फार महाग पडतो.

हे सारे जुने झाले म्हणावे, तर आमच्या वसई-विरारच्या वाड्यांत ते रोज चालू आहे. इकडे बावखले असत. घराच्या जोत्यासाठी माती काढायची, त्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवायचे. त्यावर केळी जगायच्या, पानवेली जगायच्या, विहिरींचे पाणी गोडे राहायचे, आणि मुसळधार पावसात चार घरांच्या ओट्यावर चढणारे पाणी ते बावखल पोटात घ्यायचे. कितीतरी बावखले बुजली. २००९ साली आमची महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, माणसे वाढली. जुलै २०१८ मध्ये असा पाऊस झाला, की नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आले, गाड्या बंद पडल्या, अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. मग तज्ज्ञ आले, मोजमापे झाली. ते योग्यच झाले. मोजल्यावाचून चालत नाही. त्या पुरानंतर एका वाडीतल्या म्हाताऱ्या आजी मला म्हणाल्या, “कुठलं बावखल बुजवलं की पाणी कोणाच्या ओटीवर येणार, ते आम्हाला पहिल्या पावसाच्या आधी ठाऊक असतं. विचारतंय कोण?”

आजींना गंगाजी नाईकांचे नाव ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. पण त्या उभ्या होत्या त्याच जागी, दाराबाहेर, सांगण्यासारखे पुष्कळ घेऊन. मी त्या दिवशी घरी येऊन त्यांच्याकडून ऐकलेल्या बावखलांची नावे, कोणते कोठे होते आणि केव्हा बुजले, हे एका वहीत उतरवून काढले. तेव्हापासून वाड्यांतल्या जुन्या माणसांकडे जाऊन मी त्या वहीत भर घालत असतो. ती संपूर्ण नाही. कधी होणारही नाही. पण मागच्या पावसाळ्यापूर्वी आमच्या गल्लीतल्या चार तरुण मुलांनी ती मागून नेली, आणि तिच्यात पाहून, गाळाने भरलेला एक जुना ओहोळ स्वतः उतरून मोकळा केला. पाणी कमी साचले का? थोडे कमी साचले असे ती म्हणतात. यंदा नक्की कळावे म्हणून त्यांनी चौकातल्या एका भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवली आहे.